घरचा डॉक्टर आणि सांथीचे दिवस

या वर्षाच्या आरंभीं बोइसर स्टेशनाजवळच्या एका जुन्या दवाखान्याची पाटी उतरविण्यांत आली. त्या प्रसंगीं तेथें कोणी जमलें नव्हतें, भाषणें झालीं नाहींत, व वर्तमानपत्रांत चार ओळीही आल्या नाहींत. सुताराच्या एका पोरानें शिडीवर चढून चार खिळे उपटले, पाटी भिंतीस टेकून ठेवली, आणि त्या जागीं औषधांच्या दुकानाचा नवा फलक लावण्यास सुरुवात केली. डॉक्टर स्वतः आंत खुर्चीवर बसून होते. ज्या खोलींत त्यांनीं बेचाळीस वर्षें रोगी तपासले ती त्यांनीं विकली होती. त्यांचा मुलगा मुंबईस हृदयरोगाचा तज्ज्ञ आहे; बोइसरास येऊन सर्दीपडशाचे रोगी पाहण्याची त्याची इच्छा नाहीं, आणि ती असावी असा आग्रह धरण्याचा अधिकार आम्हां कोणासच नाहीं. आम्ही तेथें गेलों होतों तें दाराबाहेरचें लांकडी बांक मागण्यासाठीं.

त्या बांकावर आमच्या घरच्या तीन पिढ्या बसल्या. बांकाचे नियम कोठें लिहिलेले नव्हते, पण ते सर्वांस पाठ होते. जो आधीं येई तो आधीं आंत जाई. तापानें फणफणलेलें मूल घेऊन एकादी बाई आली तर बाकीचीं माणसें न सांगतां सरकत. आणि ज्याच्या खिशांत पैसे नसत त्याला कंपाउंडर डोळ्यानेंच खूण करी कीं, मागाहून द्या. डॉक्टरांची अगोदर वेळ ठरवून घेणें, ज्याला आपण अपॉइंटमेंट म्हणतों, हा प्रकार त्या बांकास ठाऊक नव्हता. तो शब्द मुंबईच्या बड्या डॉक्टरांचा, पहांटेची गाडी धरून दादरला उतरणाऱ्या रोग्यांचा. घरच्या डॉक्टराची वेळ मागावी लागत नसे, हेंच त्याच्या घरचेपणाचें लक्षण होतें. इ. स. २०२० च्या मार्च महिन्यांत हा शब्द आमच्या स्टेशनाजवळच्या दवाखान्यांत शिरला, आणि शिरला तो नकाराचें सभ्य रूप घेऊन.

त्या महिन्याच्या २२ तारखेस आगगाड्या थांबल्या व २५ पासून सर्व देशांत टाळेबंदी झाली. आगगाडी थांबणें म्हणजे पालघर-बोइसरकडील माणसांस काय, याची कल्पना मुंबईकरांस सहसा नसते. आमच्या दुखण्यांच्या वाटा दोन: एक दक्षिणेकडे वसई-मुंबईची, दुसरी उत्तरेकडे वापी-वलसाडची. पहिली गाडीबरोबर बंद पडली. दुसरी राज्याच्या सरहद्दीवर, अच्छाडच्या नाक्यावर अडली. ठाण्यापासून वेगळा होऊन पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं अस्तित्वांत आला होता. त्याचें सहावें वर्ष चालू होतें, तरी जिल्हा रुग्णालयाची स्वतंत्र इमारत उभी राहिलेली नव्हती. अशा स्थितींत सामान्य मनुष्यास उरला होता तो कोपऱ्यावरचा ओळखीचा डॉक्टर. आणि नेमक्या त्याच वेळीं त्याचें दार बंद झालें.

आमच्या मातोश्रींचें वय तेव्हां अठ्ठ्याहत्तर होतें. रक्तदाब जुना, हृदय थकलेलें. दोन्ही दुखणीं याच डॉक्टरांनीं वीस वर्षें सांभाळलेलीं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यांत त्यांना रात्रीं आडवें पडलें कीं दम लागूं लागला. ताप नव्हता, खोकला थोडा होता. सकाळीं आम्ही दवाखान्यावर गेलों, तों शटर अर्धें खालीं ओढलेलें, आणि त्यावर कागद चिकटविलेला: फोनवर वेळ ठरवूनच यावें. फोन सदा गुंतलेला. दुपारीं एकदांचा लागला, तेव्हां श्वासाचा त्रास असलेल्या रोग्यास आंत घेत नाहींत, असें कंपाउंडरनें सांगितलें. दुसरा दवाखाना पाहिला. तो बंद होता. तिसऱ्या ठिकाणीं खिडकीच्या गजांआडून एका तरुण डॉक्टरानें आधीं तपासणीचा दाखला आणावयास सांगितलें. तो दाखला मिळण्यास ताप, प्रवास किंवा बाधिताचा सहवास यांपैकीं कांहीं तरी दाखवावें लागे. आणि मातोश्री तर चार महिन्यांत उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या. असे तीन दिवस गेले. रात्रीं उशांचा ढीग करून त्यांना बसवून ठेवावें, आणि आपण अंधारांत त्यांचा श्वास मोजावा, यापलीकडे आम्हांस कांहीं करतां येईना.

चौथ्या रात्रीं साडेदहा वाजतां डॉक्टरांचाच फोन आला. "वहिनींना बोलायला लाव, मला त्यांचा आवाज ऐकूं दे," असें म्हणून त्यांनीं कांहीं वेळ मातोश्रींस बोलतें ठेवलें. दम खातांना किती शब्द मध्यें जातात, हें ते मोजीत होते, असें आम्हांस मागाहून कळलें. नंतर त्यांनीं आम्हांस त्यांच्या घोट्यावर अंगठ्यानें दाबावयास लावलें, व पडलेला खळगा किती वेळानें भरतो तें घड्याळावर पाहावयास सांगितलें. मग विचारलें, "बाजार बंद आहे. वहिनी जेवतात काय?" भाजी मिळत नव्हती, सातपाटीची ताजी मासळी येत नव्हती, दोन आठवडे घरांत खारी मासळी, पापड व लोणचें यांवरच भात चालला होता. "मग हा दम कोरोनाचा नाहीं रे, मिठाचा आहे," असें म्हणून त्यांनीं सारें खारें बंद करविलें, लघवीच्या गोळीचें प्रमाण चार दिवस वाढविलें, आणि रोज रात्रीं फोन करण्याचें कबूल केलें. आठव्या दिवशीं मातोश्री आडव्या पडून झोपल्या.

या निदानास कोणतेंही यंत्र लागलें नाहीं. मातोश्रींचें हृदय कसें आहे आणि त्यांना खारी मासळी किती आवडते, या दोन गोष्टी ठाऊक असणारा मनुष्य तेवढा लागला. मग असा मनुष्य, जो सांथीच्या काळांत सर्वांहून अधिक हवा, तोच सांथ येतांच दुर्लभ कां व्हावा? डॉक्टर भ्याले, एवढ्या उत्तरानें आमचें समाधान झालें नाहीं. इतिहास शिकविणें हा आमचा व्यवसाय असल्यामुळें आम्ही हा प्रश्न घेऊन मागें मागें जाऊं लागलों, तों सव्वाशें वर्षें मागें जावें लागलें.

सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत कांहीं माणसें विलक्षण तापानें मरूं लागलीं. तो ताप म्हणजे ग्रंथिक सन्निपात, ज्याला पुढें आबालवृद्ध प्लेग म्हणूं लागले, हें प्रथम ओळखलें तें कोणा सरकारी अधिकाऱ्यानें नव्हे. ओळखलें तें डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनीं. हे गोव्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकलेले, मुंबईंत खासगी धंदा करणारे व म्युनिसिपालिटीचे सभासद. मांडवींतील रोगी ते स्वतः पाहत होते, म्हणून नेहमींचा ताप कोणता व हा नवा कोणता, हा भेद त्यांच्या हाताला कळला. सांथीची पहिली वर्दी देण्यास अशा गल्लींतल्या वैद्याइतका योग्य पहारेकरी दुसरा नाहीं, हा धडा त्या दिवशींच मिळाला होता.

सरकारनें तो घेतला नाहीं. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सांथीच्या रोगांचा कायदा झाला. तो अवघा चार कलमांचा होता. सांथ आली असतां वाटेल ते नियम करण्याचा अधिकार सरकारास आहे. ते मोडणाऱ्यास शिक्षा आहे. आणि ते अमलांत आणणाऱ्या सरकारी माणसांस दाव्यांपासून संरक्षण आहे. परंतु रोग्यास वैद्य मिळावा, अथवा वैद्यास साधनें मिळावीं, यांविषयीं त्यांत एक अक्षरही नव्हतें. या कायद्याच्या बळावर काय काय झालें, तें महाराष्ट्रास सांगावयास नको. पुण्यास गोरे सोजीर घरांत शिरले, माणसें उचलून छावण्यांत नेण्यांत आलीं, आणि त्या संतापाची परिणति २२ जून १८९७ रोजीं रँडसाहेबावरील गोळींत झाली. मुंबईंत त्यापूर्वींच, ऑक्टोबर १८९६ मध्यें, गिरणी-कामगारांच्या जमावानें आर्थर रोडच्या रुग्णालयावर चाल केली होती. या लोकांस औषधाचा द्वेष नव्हता. ओळखीचा मनुष्य नाडी पाहत असेल तर ती पुढें करण्यास ते तयार होते; अनोळखी हातांत आपलें माणूस देण्यास ते तयार नव्हते. पुण्यास टिळकांनीं हिंदूंसाठीं वेगळें प्लेगचें रुग्णालय काढण्यांत पुढाकार घेतला, व मुंबईंत निरनिराळ्या जातींनीं आपापलीं रुग्णालयें उघडलीं, याचें मर्म हेंच आहे. याच सांथींत पुण्याजवळ डॉ. यशवंत फुले यांच्या दवाखान्यांत रोग्यांची शुश्रूषा करतांना त्यांच्या मातोश्री सावित्रीबाई यांस रोगाचा संसर्ग झाला व १० मार्च १८९७ रोजीं त्यांचें देहावसान झालें. त्यांस हें काम करण्याचा हुकूम कोणत्याही कायद्यानें दिलेला नव्हता.

दुसरा प्रसंग १९१८ चा. त्या वर्षाच्या जून महिन्यांत इन्फ्ल्युएंझाचा ताप मुंबईस उतरला. पहिली लाट सौम्य गेली, आणि सप्टेंबरांत दुसरी आली ती काळ होऊनच. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशीं मुंबई शहरांत ७६८ माणसें मरण पावलीं. सबंध मुंबई इलाख्यांत दहा लाखांहून अधिक माणसें गेलीं, आणि देशाचा आंकडा एक कोटीच्या पलीकडे गेला. १९२१ च्या खानेसुमारींत देशाची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांपेक्षां कमी भरली, तिचें मुख्य कारण ही सांथ होय. त्या वेळींही डॉक्टर मिळेना. पण कारण निराळें होतें. महायुद्ध चालू होतें, व सरकारी वैद्यकखात्यांतील पुष्कळ डॉक्टर रणक्षेत्रावर पाठविलेले होते. मुंबईंत जी पोकळी पडली ती ना. म. जोशी यांनीं १९११ सालीं स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांनीं, चाळीचाळींतून औषध व दूध वांटून, कांहीं अंशीं भरून काढली. खेड्यांत मात्र अशा संस्था नव्हत्या. तेथें रोग आला व गेला, आणि मधल्या काळांत कोण कसें मेलें हें लिहून ठेवणाराही कोणी नव्हता.

आमच्या भागाची त्या वेळची स्थिति याहून निराळी असण्याचें कारण नव्हतें. १८८२ सालच्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत आमचा तालुका माहीमचा आहे, पालघरचा नाहीं. माहीम, केळवें, तारापूर हीं जुनीं बंदरें. व्यापार समुद्रावरून, आणि वस्तीही समुद्राकडे तोंड करून. पुढें बी. बी. सी. आय. रेल्वेच्या रुळांनीं वस्तीस आपल्याकडे ओढलें, तालुक्याची कचेरी पालघरास आली, आणि तिच्यामागून वकील आले, शिक्षक आले, डॉक्टर आले. आमच्याकडील जुने दवाखाने पाहावे तर बहुतेक स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर आहेत, त्याचें कारण हें. या पहिल्या डॉक्टरांपैकीं पुष्कळांजवळ विश्वविद्यालयाची मोठी पदवी नसे. १९१२ सालीं मुंबईस स्थापन झालेल्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सचा एल. सी. पी. एस. हा परवाना, किंवा पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलसारख्या शाळेंत घेतलेलें लहान मुदतीचें शिक्षण, एवढ्या भांडवलावर ही मंडळी तालुक्याच्या गांवीं येऊन राहत. कागदाच्या पट्टीवर कात्रीनें मात्रा कापून चिकटविलेली मिक्स्चरची बाटली ही त्यांची खूण. शहरी डॉक्टर त्यांना खालच्या पायरीचे मानीत. पण महाराष्ट्राच्या मध्यमवर्गास व शेतकऱ्यास घरचा डॉक्टर म्हणजे काय, हें शिकविलें तें याच मंडळींनीं.

हें सर्व चित्र एकदां कोणी तरी नीट पाहिलें, तें सर जोसेफ भोर यांच्या समितीनें. १९४३ सालीं नेमलेल्या या समितीचा अहवाल १९४६ त प्रसिद्ध झाला. विलायतेंत हजार माणसांमागें एक डॉक्टर असतां हिंदुस्थानांत तो ६,३०० माणसांमागें एक आहे, आणि जे आहेत तेही बहुतेक शहरांत राहतात, हें तिनें आंकड्यांनीं दाखविलें. पैसे नाहींत म्हणून कोणी औषधोपचारास मुकूं नये, हें तिचें तत्त्व. आणि दर ४०,००० वस्तीस दोन डॉक्टरांचें एक प्राथमिक आरोग्यकेंद्र, ही तिची पहिली पायरी. सध्यांचीं प्राथमिक आरोग्यकेंद्रें त्याच बीजाचीं झाडें आहेत. परंतु याच समितीनें दुसरीही एक गोष्ट सुचविली. सबंध देशांत एकाच प्रतीचा, विश्वविद्यालयाचा पदवीधर डॉक्टर असावा, व परवानाधारकांच्या शाळा बंद व्हाव्या, असा तिच्या बहुमताचा कौल पडला. हेतु उदात्त होता. खेड्याला हलक्या प्रतीचा डॉक्टर कां द्यावा, हा प्रश्न रास्तच होता. पण शाळा बंद झाल्या, बी. जे. मेडिकल स्कूलचें १९४६ त कॉलेज झालें, आणि तेथून बाहेर पडणारा पदवीधर तालुक्याच्या गांवीं उतरेना. त्याची जागा हळूहळू आयुर्वेद व होमिओपाथी शिकलेल्या तरुणांनीं घेतली. आमच्या डॉक्टरांची पदवीही त्यांतलीच. एका बाजूस सरकारी आरोग्यकेंद्र, दुसऱ्या बाजूस शहरांतील रुग्णालय, आणि या दोहोंच्या मध्यें, कोणत्याही योजनेंत न मांडलेला पण रोज शेंदीडशें रोगी तपासणारा, हा घरचा डॉक्टर. देशाच्या वैद्यकव्यवस्थेचा पहिला उंबरठा जो, त्याची नोंद सरकारच्या वहींत धंदेवाईक एवढीच राहिली.

बोइसर-तारापूरच्या वाढीनें हा उंबरठा आणखी झिजला. १९६९ सालीं तारापूरचें अणुवीजकेंद्र चालू झालें; पुढें बोइसरास औद्योगिक वसाहत आली; रंग, औषधें, रसायनें, कापड आणि पोलाद यांचे कारखाने उभे राहिले; आणि उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, केरळ येथून माणसें आलीं. अणुकेंद्राच्या नोकरांस वसाहतींत स्वतःचें रुग्णालय मिळालें. कारखान्यांतील कायम कामगारांस १९४८ च्या कायद्यानें झालेली राज्य विमा योजना होती. ती मुंबई राज्यांत आली तेव्हां खासगी डॉक्टरांसच तिच्या यादीवर घेऊन प्रत्येक कामगारास एकेक डॉक्टर नेमून देण्याची पद्धति स्वीकारण्यांत आली होती, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. पण कंत्राटदाराच्या हाताखालीं राबणाऱ्या बहुसंख्य माणसांपर्यंत हा विमा क्वचितच पोंचला. तीं बांकावर येऊन बसत. आमचे डॉक्टर रोग्यास आंत घेतांच प्रथम विचारीत, "कोणत्या प्लांटवर? कोणती पाळी?" रंगाच्या कारखान्यांतील खोकला वेगळा, आम्लाच्या वाफेचा वेगळा, कापसाच्या तंतूंचा वेगळा आणि क्षयाचा वेगळा, हें त्यांस कानानें कळे. २०२० सालीं हे सर्व खोकले एका रात्रींत एकच झाले. ज्याला भेद कळत होता त्याचें दार बंद. आणि ज्यांचीं दारें उघडीं होतीं त्यांस भेद कळत नव्हता.

येथें एका गोष्टीची कबुली दिली पाहिजे, नाहीं तर आमचें गाऱ्हाणें सुखवस्तूंचें गाऱ्हाणें ठरेल. पालघर जिल्ह्याचे आठ तालुके. त्यांपैकीं जव्हार, मोखाडा, विक्रमगड यांच्या पाड्यांवरील वारली, कातकरी व कोकणा माणसास घरचा डॉक्टर कधीं नव्हताच. १९९२-९३ त जव्हारच्या वावर-वांगणी भागांत कुपोषणानें बालकें दगावलीं तेव्हां सगळ्या महाराष्ट्राचे डोळे तिकडे वळले, व थोड्या काळानें परतही फिरले. आम्हांस जें तीन दिवस भोगावें लागलें तें तेथें बारमाही आहे. त्यासाठीं सांथ यावी लागत नाहीं. सांथीनें एवढेंच केलें कीं, मोखाड्याच्या पाड्यावरील माणसाची स्थिति बोइसरच्या प्राध्यापकास चार रात्री अनुभवावयास लावली.

आतां डॉक्टरांची बाजू पाहूं. मार्च २०२० मध्यें महाराष्ट्र सरकारनें सांथ आवरण्यासाठीं जो कायदा हातीं घेतला तो १८९७ चाच होता. त्याच्या आधारें खासगी दवाखाने उघडे ठेवण्याच्या ताकिदी निघाल्या. न उघडल्यास नोंदणी रद्द होण्याची धमकीही होती. परंतु त्या दिवसांत चांगले मुखपट्ट कोठें मिळत होते? आमचे डॉक्टर एकच मुखपट्ट आठवडाभर वापरीत व रात्रीं दोरीवर वाळत घालीत. वय पासष्टच्या घरांत, पत्नीस मधुमेह, दवाखान्याची खोली दहा फूट लांब, आणि तींत खिडकी एक. एकादा रोगी बाधित निघाला तर दवाखाना बंद व सर्वांचें विलगीकरण. राहिला फोन. पण २०१८ सालीं रत्नागिरींतील एका प्रसूतीच्या प्रकरणांत फोनवरून औषध सांगितल्याचा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयापुढें आला होता, आणि डॉक्टरांस अटकपूर्व जामीन नाकारला गेला होता. तेव्हांपासून हा वर्ग फोनवर औषध सांगण्यास कचरत असे. फोनवर औषध सांगण्याचे नियम केंद्र सरकारनें काढले ते २५ मार्च २०२० रोजीं, म्हणजे टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशीं. "ते नियम माझ्या हातीं पडायला पंधरा दिवस गेले," असें डॉक्टरांनीं आम्हांस पुढें सांगितलें. "त्याआधीं गोळी वाढवली असती आणि वहिनींचें बरेंवाईट झालें असतें, तर तूंच माझ्याकडे कसा बघितला असतास?" या प्रश्नाला आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.

सरकारचें व या डॉक्टरांचें नातें काय, याचा उलगडा नवी मुंबईच्या एका प्रकरणांत झाला आहे. तेथील महापालिकेनें ३१ मार्च २०२० रोजीं एका खासगी आयुर्वेदीय डॉक्टरास दवाखाना उघडा ठेवण्याची नोटीस दिली. न उघडल्यास फौजदारी कारवाईचा इशाराही दिला. जून महिन्यांत त्या डॉक्टराचा कोविडनें अंत झाला. केंद्र सरकारनें आरोग्यसेवकांसाठीं ५० लाख रुपयांच्या विम्याची योजना जाहीर केली होती. तिचा लाभ पत्नीनें मागितला, तेव्हां तुमच्या पतीची सेवा सरकारनें मागवून घेतलेली नव्हती, असें उत्तर मिळालें. मार्च २०२१ मध्यें उच्च न्यायालयानेंही तेंच मान्य केलें. पुढें डिसेंबर २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें, अशा कायदेशीर आज्ञांनीं डॉक्टरांची सेवा मागवून घेतली गेली होतीच, असा निर्णय दिला, व प्रत्येकाचा दावा पुराव्यावर पाहावा असें सांगितलें. न्याय झाला, पण त्यास साडेपांच वर्षें लागलीं. आमच्या सर्व विवेचनाचें सार या एका खटल्यांत आहे. आज्ञा करावयाची वेळ आली तेव्हां राज्यानें घरच्या डॉक्टराला सार्वजनिक मानलें, आणि भार उचलावयाची वेळ आली तेव्हां खासगी. सव्वाशें वर्षांपूर्वींच्या त्या चार कलमांचा स्वभावच तसा आहे. २०२० च्या एप्रिलांत वटहुकूम काढून आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्यास कडक शिक्षेची भर त्यांत घालण्यांत आली, ती योग्यच होती. परंतु तीही शिक्षाच होती.

याला पर्याय नाहीं असें नाहीं. विलायतेंत १९११ च्या विमाकायद्यानें कामगारांसाठीं, आणि ५ जुलै १९४८ पासून सर्वांसाठीं, प्रत्येक माणसाचें नांव एकेका डॉक्टराच्या यादीवर घालण्याची पद्धति पडली. तेथेंही २०२० सालीं दवाखान्यांचीं दारें लोटलीं गेलीं, आधीं फोन करा असें लोकांस सांगण्यांत आलें, आणि वेळ मिळत नाहीं म्हणून पुष्कळ ओरड झाली. ती अद्यापि चालू आहे. तेव्हां यादी असली कीं सर्व दुःखें सरतात, असें आम्ही म्हणत नाहीं. फरक एवढाच कीं, तेथें ओरड कोणाकडे करावयाची हें ठरलेलें आहे, कारण अमुक माणसें अमुक डॉक्टराच्या हवालीं आहेत हें लिहिलेलें आहे. मुखपट्ट पाठवावयाचे तर कोणास, लस द्यावयाची तर प्रथम कोणत्या घरीं जावें, एकटी राहणारी म्हातारी कोणाच्या यादींत आहे, हें कागदावर पाहून सांगतां येतें. आमच्याकडे हें ज्ञान होतें. पण तें बेचाळीस वर्षें एका माणसाच्या डोक्यांत होतें.

पालघरसारख्या जिल्ह्यांत हें अशक्य आहे काय? आरोग्यकेंद्रांची जाळी आहे. आदिवासी भागांत ती दर वीस हजार वस्तीस एक या प्रमाणानें असावी, असें सरकारचेंच माप आहे. आशा कार्यकर्त्या घरोघर जातात. कामगारविम्याच्या यादीवरील डॉक्टर ही कल्पना या राज्यानें स्वतः राबविलेली आहे. जे खासगी डॉक्टर राजी होतील त्यांचीं नांवें केंद्राशीं जोडावीं, कुटुंबांनीं आपला डॉक्टर निवडून त्याच्या यादीवर नांव घालावें, आणि सांथीच्या दिवसांत साधनें, विमा व कायद्याचें संरक्षण हीं त्याला हुकमाच्या आधीं पोंचावीं, नंतर नव्हे. मग दार उघडें ठेव असें त्यास सांगण्याचा अधिकार आपणांस येईल. यांत नवें तत्त्व कांहीं नाहीं. ना व्हिएगसांच्या मांडवीपासून, ना भोर-समितीपासून निराळें असें कांहीं. नवीन करावयाचें तें इतकेंच कीं, ज्या नात्यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या विसंबून राहिलों, त्याची एकदां नोंद करावयाची.

दवाखान्यांतून निघतांना आम्हीं बांकाचे पैसे विचारले. डॉक्टर हंसले व घेऊन जा म्हणाले. मग कपाटाकडे बोट करून त्यांनींच एक प्रश्न विचारला. कपाटांत वह्या होत्या. लाल पुठ्ठ्याच्या, वर्षवार लावलेल्या, प्रत्येक घराचें पान वेगळें. कोणाला कोणतें औषध सोसत नाहीं, कोणाचा बाप कशानें गेला, कोणत्या घरांत क्षय होऊन गेला, सारें त्यांत लिहिलेलें. दुकानदारास कपाट हवें होतें, वह्या नको होत्या. "या कोणाला द्यायच्या, सांग," डॉक्टर म्हणाले. आम्हीं आरोग्यखात्यांतील एका परिचितास तेथूनच फोन केला. त्यांनीं अगत्यानें ऐकून घेतलें, आणि अशा वह्या स्वीकारण्याची तरतूद कोणत्याही कचेरींत नाहीं, असें सांगितलें. तें बांक आतां आमच्या ओटीवर आहे. वह्या डॉक्टरांनीं गोणींत भरून घरीं नेल्या.